निम्म्या वाटेपर्यंत नाना

आमचे संगमनेरचे घरमालक कुणालाही दारातून निरोप देत नसत. पाहुणा उठला की तेही उठायचे, खुंटीवरची टोपी घ्यायचे, पायांत चपला सरकवायचे आणि पाहुण्याबरोबर चालू लागायचे. कुठपर्यंत? निम्म्या वाटेपर्यंत. पाहुणा पलीकडच्या गल्लीतला असला तर गल्लीच्या मध्यापर्यंत, नाशिकचा असला तर सिन्नरपर्यंत आणि पुण्याचा असला तर नारायणगावपर्यंत. अहो, खरंच सांगते! एसटीत पाहुण्याच्या शेजारी बसून नारायणगाव गाठायचं, तिथं उतरायचं, स्टँडवर एक चहा मारायचा आणि समोरून येणाऱ्या गाडीनं घरी. वर विचारलं की म्हणायचे, "दारात उभं ऱ्हाऊन हात हालवायचा म्हंजी माश्या हाकलायच्या. पाव्हना मानूस हाय का माशी?"

त्यांना सगळे नाना म्हणायचे. मिशनच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे, तिथूनच रिटायर झाले. अंगानं काटकुळे, कानावर कायम पेन्सिलीचा तुकडा. लग्न होऊन सहा महिने झाले असतील, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्याकडे खोल्या बघायला गेलो. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट आणि मी कॉलेजच्या ऑफिसात. खोल्या पाहिल्या, "कळवतो" म्हणालो आणि निघालो, तर म्हातारा आमच्याबरोबर चालायला लागला. बोलणं नाही, चालणं नाही... म्हणजे चालणं होतं, बोलणं नव्हतं. स्टँडच्या रस्त्यावर एका रसवंतीपाशी आल्यावर एकदम थांबले आणि म्हणाले, "आता तुमचं तुमी." आणि पाठ फिरवून गेलेसुद्धा. हे म्हणाले, "आपण खरंच जातोय का, ते बघायला आला असेल." मी म्हटलं, असल्या संशयी माणसाच्या घरात मी मेले तरी राहणार नाही. पुढं सात वर्षं राहिलो.

निम्म्याचं हे वेड आलं कुठून, ते त्यांच्या पडवीतलं सुतारकाम बघितल्यावर समजलं. नाना कुठल्याही लाकडाचा आधी मध्य काढायचे. पाट असो, पोळपाट असो, दोरी ताणायची, दुमडायची, पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, मगच करवत. आम्ही त्यांना पाळणा करायला सांगितला, तेव्हा पहिले दोन दिवस नुसते ठिपकेच चालले होते. "मध्य घावला की दोनी टोकं आपसूक येत्यात," म्हणायचे. वर्तमानपत्रसुद्धा मधल्या पानापासून उघडायचे. मला आपलं वाटायचं, सोडायला जाण्याचंही असंच काहीतरी खूळ असेल. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "दोगांनी निम्मं निम्मं चालायचं. समदं अंतर जानाऱ्याच्याच डोक्यावर का टाकायचं?"

"पण नाना, तुम्ही निम्मं जाऊन निम्मं परत येता. म्हणजे तुमचं अख्खंच झालं की!"

"मंग? त्याचं बी अख्खंच हुतं. सारकं झालं का न्हाई?"

कपाळ!

पाळणा म्हटल्यावरून आठवलं. सातव्या महिन्यात वडील मला कोपरगावला न्यायला आले. आम्ही एसटीत बसतोय तोवर नाना चढले आणि मागच्या सीटवर बसले. वडील शेतकरी माणूस, सरळ बोलणारा. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "हे कोन?"

"घरमालक."

"ते कुटं चालले?"

"कुठंच नाही. तळेगावला उतरतील."

"तळेगावात काम हाय त्यांचं?"

"काही नाही हो दादा. आपल्याला सोडायला आलेत."

तळेगाव दिघे आलं. नाना उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा थांबले नाहीत आणि गाडीकडे पाठ करून टपरीवर जाऊन उभे राहिले. उतरल्यावर मागं बघायचं नाही, हाही त्यांचा नियम होता. वडील खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले. "लई इचित्र मानूस हाय," इतकंच म्हणाले. पण चार महिन्यांनी बाळाला घेऊन मी परत निघाले, तेव्हा वडिलांनी आदल्या दिवशीच नानांना फोन लावला होता. तळेगावला उतरलो तर नाना तिथं हजर! वडिलांनी बाळाचं गाठोडं नानांच्या हातात दिलं, नानांनी ते घेतलं आणि दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे राहून चहा प्यायले. मी बाजूला उभी. मला कुणी चहा विचारला नाही! वडील मात्र खूश होते. पुढं आमच्या गावात ज्याला त्याला सांगायचे, "निम्मी वाट आमची, निम्मी त्यांची. मानूस हिशोबाला चोख हाय."

सगळ्यांनाच हे रुचायचं असं नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न झालं, नवरा नाशिकचा. पाठवणीच्या वेळी रडारड चाललीय, मुलगी गाडीत बसली, नवरदेव बसला आणि मधे नाना! नवरदेवाच्या मामांचा पारा चढला. "अहो, कोण हे? उतरवा त्यांना!" गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बसू द्या हो, सिन्नरला उतरतात." मुलगी नंतर सांगत होती, सिन्नरपर्यंत तिला रडायलाच सुचलं नाही, कारण नानांचं कोपर नवरदेवाच्या बरगडीत होतं आणि तो बिचारा श्वास धरून बसला होता. सिन्नर फाट्यावर नाना उतरले, तेव्हा नवरदेवानंच वाकून नमस्कार केला म्हणे.

असा हा माणूस. आणि याच माणसानं पोटच्या पोरीला मात्र उंबऱ्याबाहेरसुद्धा सोडलं नव्हतं.

हे मला गल्लीतूनच समजलं. नानांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, रूथ. नर्स झाली, काही वर्षं नगरला नोकरी केली आणि मग ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. भिंतीवर तिचा नर्सच्या कपड्यांतला फोटो होता. ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी दारात टॅक्सी उभी, सगळी गल्ली गोळा झालेली, चर्चमधली माणसं प्रार्थना करून गेलेली, आणि नाना आत पडवीत खुर्चीवर बसून. उठलेच नाहीत. टोपी खुंटीवरच. पोरगी पाया पडली, दारापर्यंत गेली, वळून बघितलं, टॅक्सीत बसली. कुणी म्हणे, आईमागं बापाला एकटं टाकून गेली म्हणून राग. कुणी म्हणे, त्यांनी आणलेलं स्थळ तिनं नाकारलं म्हणून. सगळ्या गावाला वाटेला लावणारा बाप लेकीला वाटेला लावत नाही, म्हणजे काहीतरी मोठंच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि रूथनंही तेच ठरवलं असणार. कारण तेव्हापासून ती एकदाही आली नव्हती. दर रविवारी उपासनेनंतर तिचा फोन यायचा. नाना मोबाईल स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले. बरं आहे ना सगळं?"

"हाय बरं."

"ठेवते मग."

झालं! आठवड्याचं बोलणं एवढंच. फोन ठेवल्यावर नाना बराच वेळ मोबाईल हातात धरून बसायचे. मला ते बघवायचं नाही. माझा स्वभाव असा, की पोटात राहत नाही. एका रविवारी मी चहा घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "नाना, एवढा कसला राग धरलात पोरीवर?"

"राग?" ते माझ्याकडे बघायला लागले. "कुनी सांगितलं?"

"सगळे सांगतात. सोडायला गेला नाहीत ना तुम्ही तिला."

नाना उठले. पडवीच्या कोपऱ्यातून एक गुंडाळी काढली. शाळेतला जुना जगाचा नकाशा होता, मेणकापडाचा, कडा कुरतडलेल्या. तो त्यांनी सुतारकामाच्या बाकावर पसरला. मुंबईला खिळ्याचं भोक होतं, पर्थला खिळ्याचं भोक होतं. खिशातून दोरा काढून त्यांनी या भोकापासून त्या भोकापर्यंत ताणला, दुमडला आणि मध्यावर बोट ठेवलं. तिथं पेन्सिलीचा ठिपका होता. खूप वेळा गिरवून काळा झालेला. आजूबाजूला नुसता निळा समुद्र.

"हे निम्मं," नाना म्हणाले. "हितं कुटं सोडू तिला? हितं ना स्टँड, ना गाव. उतरायचं कुटं, अन् परतायचं कसं?"



"मग मुंबईपर्यंत तरी जायचं होतं नाना!"

"म्हंबई म्हंजी ह्या वाटंवरचा आपला नाका झाला. ज्यांचं माजं नातं न्हाई त्यांना मी निम्म्यात सोडतोय, अन् पोटच्या पोरीला नाक्यावर सोडून येऊ? त्यापरीस न्हाई गेलेलं बरं." मग हळूच म्हणाले, "लाज वाटली गं. तोंड कसं दाखवू, म्हून उटलोच न्हाई."

मला रडूही येईना आणि हसूही. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, माझं नाही, त्यांचं! इतकी वर्षं पोरगी तिकडं समजतेय बाप रागावलाय, आणि बाप इकडं समुद्रात स्टँड नाही म्हणून शरमून बसलाय. "हे तिला सांगितलंत का कधी?" मी विचारलं. तर म्हणाले, "सांगायचं काय त्यात? तिला ठावं हाय की आपला नेम." घ्या! मी तणतणत घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. हे जेवत होते. डाव्या हातानं मोबाईल काढला आणि बघायला लागले. मुंबई ते पर्थ सरळ अंतर सात हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास. बघता बघता यांचा घास तोंडातच राहिला.

"अगं, पण विमान सरळ जातच नाही! मधे सिंगापूरला बदलावं लागतं बऱ्याच जणांना."

"मग?"

"मुंबई ते सिंगापूर एकोणचाळीसशे किलोमीटर. आणि सिंगापूर ते पर्थ..." यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "तेही एकोणचाळीसशे! इकडून साडेपाच तास, तिकडून पाच."

खरकट्या हातानं हे पडवीत धावले. नानांनी सगळं ऐकून घेतलं. नकाशावर सिंगापूर शोधलं. मुंबईपासून तिथवर दोरा लावला, तोच दोरा तिथून पर्थपर्यंत लावला. बरोबर बसला. पुन्हा लावला. मग कानावरची पेन्सिल काढून ठिपका दिला. या वेळी ठिपका जरा मोठाच पडला.

"हितं स्टँड हाय?" त्यांनी विचारलं.

"मोठा आहे," हे म्हणाले.

"चहा मिळतो?"

"मिळत असेल की."

"मंग सोडाया जातो," नाना म्हणाले.

आता सहा वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीला सोडायला जायचं म्हणजे काय, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. पण विचारणारे भेटलेच. पासपोर्टच्या ऑफिसात समोरच्या मुलीनं सहज विचारलं, कशासाठी जाताय आजोबा? "मुलीला सोडायला." मुलगी कुठे आहे? "तिकडंच हाय." मग सोडणार कुणाला? नाना म्हणाले, "ऱ्हायलंय ते. आदी सोडायचं हुतं, ते ऱ्हायलंय." ती मुलगी नुसती हसली आणि पुढचं काम करू लागली. मग चौकशीला पोलीस आला मोटारसायकलवरून. चौकशी झाली, चहा झाला, तो निघाला, आणि नाना टोपी घालून त्याच्या मागं बसले! पोलीस स्टेशनच्या निम्म्या रस्त्यात "थांबवा हितं" म्हणून उतरले. त्या पोलिसाला नंतर बाजारात मी भेटले तेव्हा त्यानं विचारलं, "म्हातारबा बरे आहेत ना? म्हणजे डोक्यानं?" मी म्हटलं, तुमच्या आमच्यापेक्षा बरे आहेत.

तिकिटाच्या एजंटाचं तर डोकंच फिरायची वेळ आली. तो बिचारा सिंगापूरचे रंगीत फोटो पसरून बसला. प्राणी बघा, कारंजी बघा, चार दिवसांची सहल घ्या. नाना म्हणाले, "मला उतरून चहा प्यायचा अन् परत यायचं."

"अहो बाबा, चहा प्यायला कुणी सिंगापूरला जातं का?"

"तुमी गेलाय का?"

"नाही."

"मंग तुमाला काय ठावं?"

शेवटी मीच मधे पडले. म्हटलं, नाना, नुसतं जाऊन काय करणार? तिला घरी बोलवा, आणि तुम्ही निम्म्यात आणायला जा. आणण्याचाही तुमचा तोच नियम आहे ना? हे त्यांना पटलं. एजंटानं विचारलं, मग मुलगी परत जाईल तेव्हा? नाना म्हणाले, "जातानाचं तवा बगू. आदी येऊ द्या." पेन्शनीतलं साठवलेलं होतं, ते त्यांनी बाहेर काढलं.

पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा मी भिंतीला कान लावला. हो, लावला! असल्या वेळी कुणीही लावला असता. जेवलात, जेवलो, तू, जेवले झालं. मग नानांनी घसा खाकरला.

"रूथ, घरी ये. मी निम्म्यात येतो आनायला."

मला वाटलं फोन कटला.

"सिंगापूर निम्म्यात पडतंय," नाना म्हणाले. "आमाला ठावं नव्हतं. नकाशात समुंदर लागत हुता. म्हून ऱ्हायलं, बाय. राग नव्हता गं. राग कशाचा?"

पलीकडचं मला नीट ऐकू येईना. मी इकडं पदर तोंडात कोंबून उभी. मग नाना "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी धावत गेले. "काय म्हणाली? येतेय का?"

"रडतीया," नाना म्हणाले. "येती म्हनाली का न्हाई, ते काय कळलं न्हाई."

तारीख मात्र तिनंच कळवली.

जाण्याच्या दिवशी यांनी नानांना त्यांच्याच नियमानं निम्म्यापर्यंत पोचवायचं ठरवलं. निम्मं म्हणजे मुंबईच्या वाटेचं, सिंगापूरच्या नव्हे. हे इगतपुरीला उतरले आणि परत आले. विमानतळावर एजंटाचा माणूस होता. नानांनी अंगात कोट घातला होता, पायांत चपलाच. पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. हरवला तर म्हातारा? इंग्रजी येत नाही, धड मराठीसुद्धा कुणाशी बोलत नाही. उतरून पाठ करून उभा राहिला आणि पोरगी दिसलीच नाही तर? आणि ती आलीच नाही तर? यांनी मला तीनदा गप्प केलं आणि चौथ्यांदा स्वतःच मोबाईलवर विमान कुठवर आलं ते बघत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात टॅक्सी थांबली. आधी नाना उतरले. मग रूथताई. वडिलांसारखीच काटकुळी, केस जरासे पिकलेले. गल्ली जमलीच. नाना कुणाशी न बोलता आत गेले, टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एस्टीपरीस हादरे कमी हायेत. पर चहाला मधी थांबत न्हाईत कुटं."

संध्याकाळी रूथताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी पोळ्या लाटत होते, ती भाजायला लागली. पहिल्यांदाच भेटत होतो, पण भिंतीपलीकडून मी तिचा आवाज ओळखतच होते की. मी विचारलं, "रागावला होतात ना तुम्ही त्यांच्यावर?"

"रागावले नव्हते," ती म्हणाली. "वाट बघत होते. पहिल्यांदा गेले ना, तेव्हा विमानात समोरच्या पडद्यावर अंतर दाखवत होते. इतके किलोमीटर झाले, इतके तास राहिले. सिंगापूर जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे तर निम्म्यावर आहे. पप्पांचं निम्मं. पुढच्या विमानाला वेळ होता. मी बसून राहिले. मुंबईचं दुसरं विमान आलं, माणसं बाहेर पडायला लागली. पप्पांकडे पासपोर्ट नाही, हे मला माहीत होतं हो. तरी शेवटचं माणूस उतरेपर्यंत मी दाराकडे बघत होते."

तव्यावरची पोळी करपली. तिनं ती उलटली नाही आणि मीही नाही.

"या वेळी?" मी विचारलं.

"या वेळी सगळ्यांत शेवटी तेच उतरले. मी त्यांना तिथं नेलं, ती खुर्ची दाखवली. म्हटलं, पप्पा, इथं बसले होते मी तेव्हा. तुमची वाट बघत."

"मग? काय म्हणाले?"

"आधी त्या खुर्चीवर बसले. बसूनच राहिले. मग माझा हात धरला आणि म्हणाले, येतच हुतो बाय. गाडी लई उशिरा लागली."